परीक्षक समोर उभे राहिले की हात का थांबतात?

परिचर्या महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत दिसू लागते. त्यांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात शिकते. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण गावाकडेच, मराठी माध्यमातून झाले. लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळतात आणि वसतिगृहात मैत्रिणींना प्रोसिजरच्या (रुग्णावर करायच्या कृतीच्या) पायऱ्या मीच समजावून सांगते; परंतु प्रात्यक्षिकाच्या वेळी मॅडम समोर उभ्या राहिल्या की तळहातांना घाम सुटतो, छाती धडधडते आणि पुढची पायरी कोणती तेच आठवत नाही. मागच्या अंतर्गत परीक्षेत एका वृद्ध आजींचा रक्तदाब मोजताना मला स्टेथोस्कोपमधून नाडीचे आवाजच ऐकू आले नाहीत. मी घाबरून दंडावरचा कफ (हवेचा पट्टा) पुन्हा पुन्हा फुगवला, आजी वैतागल्या आणि मॅडमांनी सर्वांसमोर विचारले, "एवढंही जमत नसेल तर रात्रपाळीत एकटी काय करशील?" तेव्हापासून वॉर्डात पाऊल टाकतानाच दडपण येते. आता विद्यापीठाची परीक्षा आली असून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दुसऱ्या जिल्ह्यातून येणार आहेत. भीती घालवण्यासाठी मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, जिल्हा हिंगोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण ओझरती सांगून पुढे गेला आहात, ती म्हणजे मैत्रिणींना पायऱ्या आपणच समजावून सांगता. याचा अर्थ प्रश्न ज्ञानाचा नाही. आपल्याला प्रोसिजर सांगता येते, एकांतात करताही येते. मात्र कोणीतरी पाहत असताना, मधेच प्रश्न विचारत असताना आणि घड्याळ चालू असताना ती करण्याचा सराव आपण केलेला नाही. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींतून आपोआप येत नाही, ती स्वतंत्रपणे शिकावी लागते, आणि आपल्याकडील बहुतेक विद्यार्थिनी ती थेट परीक्षेच्याच दिवशी पहिल्यांदा करून पाहतात.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. ज्याला आपण 'लातूर पॅटर्न' म्हणतो त्याचे मोठे बळ पुन्हा पुन्हा दिलेल्या सराव-परीक्षांत आहे. खऱ्या परीक्षेच्या वेळेत, तशाच प्रश्नपत्रिका सोडवून मुलांची परीक्षेची धास्ती मोडते. आश्चर्य असे की लेखी परीक्षेसाठी हा नियम पाळणारी मुले प्रात्यक्षिकाच्या बाबतीत तो विसरतात आणि प्रोसिजर बुक वाचत बसतात. हाताने करायची गोष्ट डोळ्यांनी वाचून पक्की होत नाही.

आता शरीरात काय घडते ते पाहू, कारण त्याचे कारण कळले की त्याची निम्मी दहशत ओसरते. परीक्षक समोर येताच मेंदू त्याला धोका समजतो आणि अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. त्यामुळे नाडी वाढते, तळहात ओले होतात आणि प्रत्येक माणसाच्या हाताला एरवीही असलेले, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कंपन वाढून दिसू लागते. हा हात 'कच्चा' असल्याचा पुरावा नव्हे. अनुभवी अधिपरिचारिकेचा हातही अशा वेळी थोडा थरथरू शकतो. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक असते. एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात, आणि त्या मोजक्या जागेत 'मॅडम काय म्हणतील', 'घरी काय सांगू' हे विचार शिरले की पुढच्या पायरीला जागा उरत नाही. आपण पायरी विसरलेली नसता, तिला त्या क्षणी वर यायला वाट मिळत नाही. म्हणूनच बाहेर आल्यावर दोन मिनिटांत सगळे आठवते.

थोडी भीती उपयोगीही असते. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले, की काम अवघड असेल तेव्हा मध्यम उत्तेजना शिकण्यास मदत करते आणि अतिरेक झाला की बाधा आणते. उंदरांवरून माणसाबद्दल किती बोलावे हा प्रश्न आहेच, तरी पुढे परीक्षेच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्यांनी हाच विचार वारंवार वापरला. त्यामुळे भीती पूर्ण घालवण्याचे ध्येय ठेवू नका. ती असतानाही हात चालत राहावेत, एवढेच ध्येय पुरेसे आहे. परीक्षेच्या दारात 'शांत हो, शांत हो' असे स्वतःला बजावणे बहुधा फसते, कारण धडधडणारी छाती ते ऐकत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे, भाषण आणि गणित यांपूर्वी ज्यांनी त्याच धडधडीला 'मला उत्साह वाटतो आहे' असे म्हटले, त्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. 'अंग तयारीला लागले आहे' हे वाक्य आपल्या तोंडी अधिक सहज बसेल.

सराव कसा करावा याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरे काम तिथेच आहे. वसतिगृहातील एका मैत्रिणीला परीक्षक करा. तिने वही घेऊन बसावे, चेहरा गंभीर ठेवावा, 'बरोबर', 'छान' असे काहीही म्हणू नये आणि चेकलिस्टवर मुकाट्याने खुणा कराव्यात. परीक्षकांचे मौन विद्यार्थिनींना सर्वांत जास्त घाबरवते, वास्तविक परीक्षक त्या वेळी केवळ गुण लिहीत असतात. आपण प्रत्येक पायरी करताना ती मोठ्याने बोला. पुढच्या वेळी मैत्रिणीने मधेच प्रश्न विचारावा, आपण उत्तर द्यावे आणि जिथे थांबला होता तिथूनच काम पुढे न्यावे. त्यानंतरचा सराव बहुतेक जणी कधीच करत नाहीत, म्हणजे मुद्दाम चूक करून ती सावरण्याचा. निर्जंतुक हातमोजा ट्रेच्या कडेला लागला असे समजा, थांबा, 'माझा हातमोजा अस्वच्छ झाला आहे, मी तो बदलते' असे स्पष्ट सांगा आणि बदला. परीक्षेत चूक झाल्यावर गुण जातात ते बहुधा त्या एका चुकीमुळे नव्हे, तर ती लपवण्याच्या धडपडीत पुढच्या चार पायऱ्या बिघडल्यामुळे. आपली चूक स्वतः ओळखून सुधारणारी मुलगी परीक्षकांना सुरक्षित वाटते. वॉर्डात त्यांना तशीच परिचारिका हवी असते. सुया मात्र वसतिगृहात आणू नका आणि एकमेकींवर टोचण्याचा सराव चुकूनही करू नका. तो भाग स्किल लॅबमधील पुतळ्यावरच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

रक्तदाबाचे उदाहरण आपण दिले आहे, म्हणून तेच घेऊ. आवाज ऐकू न येण्यामागे बहुतेक वेळा भीतीपेक्षा तिने लावलेली घाई असते. स्टेथोस्कोपचे कानात घालायचे टोक पुढच्या दिशेला वळलेले हवे, घाईत ते उलटे घातले जाते. कफची खालची कडा कोपराच्या घडीपासून दोन ते तीन सेंटिमीटर वर असावी आणि ब्रॅकियल धमनीचा (दंडातील धमनीचा) ठोका कोपराच्या घडीत बोटांनी शोधल्याशिवाय डायफ्राम, म्हणजे स्टेथोस्कोपची चकती, ठेवू नये. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवून हवा पूर्ण सोडा, थोडे थांबा आणि नंतर त्या आकड्याच्या वर सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत फुगवून दर सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर या गतीने हवा सोडा. असे केले की आवाज साधारण कुठे सुरू होणार हे आधीच कळलेले असते आणि कान तिथे तयार राहतो. तरीही ऐकू आले नाही, तर अर्ध्यावर पुन्हा फुगवू नका. हवा पूर्ण सोडा, रुग्णाला 'आजी, हात जरा ढिला सोडा, एक मिनिट थांबून पुन्हा बघते' असे सांगा आणि खरोखरच किमान एक मिनिट थांबा. ते मिनिट नियमानेच आपल्याला दिलेले आहे, त्यात श्वासही सावरतो. यातले काहीच जमले नाही, तरी '१२०/८०' असा काल्पनिक आकडा सांगू नका. हा आकडा परीक्षकांनी इतक्या वेळा ऐकलेला असतो, की तो कानावर पडताच ते दुसरा स्टेथोस्कोप उचलतात. 'मला स्पष्ट ऐकू आले नाही, मी पुन्हा मोजते' हे उत्तर गुणांच्या दृष्टीनेही अधिक सोयीचे असते.

परीक्षेच्या दिवसाबद्दल. प्रोसिजरची पहिली दोन मिनिटे इतकी घोटून ठेवा, की झोपेतून उठवले तरी ती म्हणता यावीत. रुग्णाला नमस्कार, स्वतःचे नाव, रुग्णाची ओळख पटवणे, काय करणार ते सांगून संमती घेणे, पडदा ओढणे आणि हात धुणे, हा भाग जवळजवळ प्रत्येक प्रोसिजरला सारखाच असतो, आणि भीतीचा पहिला, सर्वांत मोठा लोंढा नेमका याच वेळात येतो. त्यातही हात धुणे ही आपल्याला मिळालेली देणगी समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. त्या वेळात चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असे पाच श्वास निवांत होतात. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती कमी होऊ लागते. पाहणाऱ्याला आपण केवळ नीट हात धूत आहात असेच दिसते. यानंतर हात अगदी कोरडे करा, कारण ओल्या हातावर हातमोजा चढत नाही आणि तिथेच अनेकींचा धीर सुटतो. आपल्याला साडेसहा मापाचा हातमोजा लागतो की सातचा, हे आधीच पाहून ठेवा.

ट्रे लावताना साहित्य वापराच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवा. पुढची पायरी आठवली नाही तर ट्रेकडे पाहा. पुढची न उचललेली वस्तू पुढची पायरी सांगेल.

उपवास मात्र त्या दिवशी नको. परीक्षेसाठी देवाला बोलून उपवास धरणाऱ्या मुली प्रत्येक तुकडीत असतात आणि उन्हाळ्यात, पंखा बंद असलेल्या वॉर्डात, रोल नंबर शेवटचा असल्याने तासन्‌तास उभे राहून त्यांनाच भोवळ येते. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, तो उपवास निकालानंतर फेडता येईल. सकाळी भाकरी-भाजी किंवा पोहे खाऊन, पाण्याची बाटली घेऊन निघा. चहा एरवी घेता तेवढाच घ्या. रात्र जागण्यासाठी घेतलेला जादा चहा सकाळी हाताची थरथर वाढवतो. आदल्या रात्रीची झोप तर सोडूच नका, कारण हाताने शिकलेली कौशल्ये झोपेत अधिक पक्की होतात. बाहेर वाट पाहताना, आतून आलेल्या मैत्रिणींभोवती 'काय विचारलं, एक्स्टर्नल लई कडक आहेत का' असा घोळका जमतो. त्यातून बाजूला व्हा. त्यांची केस वेगळी, तुमची वेगळी.

मराठी माध्यमाचा उल्लेख आपण केला आहे. तोंडी परीक्षेत पारिभाषिक शब्द इंग्रजीत येणे आवश्यक आहे, त्याला पर्याय नाही. म्हणून उपकरणांची नावे, प्रोसिजर कधी करायची ती कारणे (इंडिकेशन्स) आणि काळजीचे मुद्दे मोठ्याने इंग्रजीत म्हणून ठेवा. वाक्य अडले तर छोटे करा. परीक्षक व्याकरणाला गुण देत नाहीत. रुग्णाशी बोलणे मात्र आपल्या भाषेतच व्हायचे असते आणि तिथे आपली बाजू जमेची आहे. 'माय, सुई टोचताना जरासं दुखंल, लांब श्वास घ्या' हे वाक्य ज्या सहजतेने आपण म्हणाल, त्या सहजतेने शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलीला म्हणता येणार नाही. रुग्णाशी बोलण्यालाही चेकलिस्टमध्ये गुण असतात. शिवाय लक्ष परीक्षकांवरून रुग्णावर गेले, की मनातील ती मोजकी जागा योग्य माणसाला मिळते.

मॅडमांच्या त्या वाक्याबद्दल एवढेच म्हणते, की ते रुग्णासमोर बोलले जायला नको होते. तरी त्यांनाच भेटून 'मला रक्तदाब मोजण्याचे री-डेमो (पुन्हा प्रात्यक्षिक) द्यायचे आहे' अशी विनंती करा. ज्या जागेची भीती बसली आहे ती जागा टाळल्याने भीती वाढते. त्याच वॉर्डात, त्याच कामासाठी, परीक्षा नसताना पुन्हा गेल्याने ती उतरते.

हे सर्व केल्यावरही झोप उडाली असेल, वॉर्डाच्या विचाराने उलट्या होत असतील, श्वास कोंडून मरण जवळ आल्यासारखे झटके येत असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ती केवळ परीक्षेची भीती राहिलेली नाही. आपल्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असल्यास तिथे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात आम्ही मुले मोजकीच असल्यामुळे सर्वांचे लक्ष आमच्याकडे असते. इंजेक्शन भरताना माझे हात इतके थरथरतात की अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) फुटते. एका सीनियरने परीक्षेआधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेण्याचा सल्ला दिला आहे. घ्यावी का?
— एक विद्यार्थी, जिल्हा बीड

उत्तर : स्वतःच्या मनाने घेऊ नये. हे औषध हातांचे कंपन आणि धडधड कमी करते हे खरे आहे. परंतु ते हृदयाची गती आणि रक्तदाबही उतरवते, आणि दमा असलेल्या व्यक्तीला त्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावून गंभीर त्रास होऊ शकतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा हे आपण ज्या परीक्षेत म्हणून दाखवणार, त्याच परीक्षेसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना गोळी घेणे कसे दिसेल, ते आपणच पाहा. कंपन परीक्षेशिवायही, म्हणजे चहाचा कप धरताना किंवा लिहिताना होत असेल, तर थायरॉइडसह अन्य कारणे तपासण्यासाठी डॉक्टरांना दाखवा.

तोपर्यंत हाताला आधार द्या. दोन्ही कोपरे शरीराला टेकवा, मनगट ट्रॉलीच्या कडेवर ठेवा आणि सिरिंज धरलेल्या हाताची करंगळी दुसऱ्या हाताला टेकू द्या. अधांतरी हात अधिक हलतो. अ‍ॅम्प्युलच्या मानेतील औषध टिचकी मारून आधी खाली आणा, मानेभोवती गॉज गुंडाळा आणि खूण असलेल्या जागेवरून स्वतःपासून दूर, एकाच ठाम झटक्यात तोडा. भीत भीत दिलेला अर्धा दाबच काचेचे तुकडे करतो. मुले मोजकी असल्याचा संकोच मला समजतो, परंतु स्त्री रुग्णाची केस आल्यास परवानगी विचारणे आणि सोबत एक परिचारिका उभी ठेवण्याची विनंती करणे हा व्यावसायिक रीतीचा भाग आहे, तो आपल्या संकोचाचा भाग समजू नका.

प्रश्न : मी एका परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका आहे. परीक्षेत विद्यार्थिनी रडतात, थिजतात. नरमाईने वागले तर दर्जा घसरेल आणि कडक वागले तर मुली कोसळतील, अशी अडचण होते. शिक्षकांनी नेमके काय करावे?
— एक शिक्षिका, जिल्हा लातूर

उत्तर : निकष कडक ठेवावेत, आवाज नव्हे. मूत्रमार्गात नळी घालताना निर्जंतुकता मोडली तर गुण कापलेच पाहिजेत, त्यात दया दाखवणे हा रुग्णावर अन्याय आहे; पण गुण कापण्यासाठी भुवया उंचावण्याची गरज नसते. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली 'ऑस्की' (OSCE, म्हणजे वस्तुनिष्ठ, रचनाबद्ध प्रात्यक्षिक परीक्षा) ही पद्धत याच विचारातून आली. विद्यार्थी ठरावीक वेळेच्या अनेक स्टेशनांवरून फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी आधीच ठरलेल्या चेकलिस्टवर गुण दिले जातात, त्यामुळे परीक्षकाच्या लहरीला आणि नशिबाने मिळालेल्या केसला फारसा वाव उरत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात ही पद्धत आलेली आहे. तरी अनेक ठिकाणी मुलींना ऑस्कीची घंटा पहिल्यांदा ऐकू येते ती परीक्षेतच. सत्राच्या मध्यावर चार-पाच स्टेशनांची, गुण न धरता घेतलेली एक फेरी पुरेशी असते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, स्किल लॅब, मोबाइलमधील टायमर आणि वरच्या वर्षाच्या काही विद्यार्थिनी एवढ्यावर भागते.

आपण पाहायच्या आणखी दोन गोष्टी. प्रोसिजरचा निर्जंतुक भाग चालू असताना प्रश्न विचारू नका. तो संपू द्या, मग हवे तितके विचारा. अधेमधे प्रश्न विचारल्याने विद्यार्थिनीचे ज्ञान कळत नाही, तिचे लक्ष विभागले की काय होते तेवढेच कळते. दुसरे म्हणजे, कोणत्या पायऱ्या चुकल्यास नापास धरले जाईल, हे सत्राच्या आरंभीच लेखी द्या. सगळ्याच पायऱ्या जीवघेण्या वाटू लागल्या, की मुलगी चादरीची घडी आणि औषधाची मात्रा यांना सारखेच घाबरते.

विद्यार्थिनी थिजलीच, तर 'आता तुम्ही कोणती पायरी पूर्ण केली?' असे विचारा. हा प्रश्न उत्तर सांगून टाकत नाही, गुणांवर परिणाम करत नाही, आणि शेवटची केलेली पायरी तोंडाने म्हणताना पुढची बहुधा आपोआप आठवते. आपल्या महाविद्यालयातील अंतर्गत आणि बाहेरून येणारे, अशा दोन्ही परीक्षकांनी हा एकच प्रश्न वापरायचा आणि सर्व विद्यार्थिनींना तो एकदाच विचारायचा, असे परीक्षेच्या सकाळी ठरवून घेतले, तर कोणाला झुकते माप दिल्याची तक्रारही येणार नाही.